हॅप्लोग्रुप 'आय': युरोपातल्या एका जुन्या पितृवंशाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी मावसबहीण स्वीडनमध्ये असते. तिच्या नवऱ्याने डीएनए चाचणी करून घेतली आणि अहवालात 'आय-एम२५३' असं आलं. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लगेच प्रश्नांची रांग लागली. हे काय आहे, किती जुनं आहे, आपल्या भाच्यातही ते आलंय का, आपल्यात ते का नाही? त्यांना उत्तरं लिहिता लिहिता मीच या विषयात गुंतलो. ओळखीच्या इतरांनीही पुढे हेच विचारलं, म्हणून सगळं एका जागी मांडतो आहे.

हॅप्लोग्रुप म्हणजे नेमकं काय?

वाय गुणसूत्र फक्त बापाकडून मुलाकडे जातं. बाकीच्या गुणसूत्रांची दर पिढीत आईवडिलांकडून सरमिसळ होते, पण वायची होत नाही. फक्त त्याच्या टोकांचे छोटे तुकडे एक्सशी अदलाबदल करतात, मधला मोठा भाग जसाच्या तसा पुढे जातो. त्याची नक्कल होताना अधूनमधून एखादं अक्षर बदलतं आणि त्या मुलाच्या पुढच्या सगळ्या पुरुष वंशजांत तो बदल राहतो.

जुन्या पोथ्यांचं काम ज्यांनी पाहिलंय त्यांना हे लगेच कळेल. लेखनिकाच्या हातून एका ओवीत शब्द बदलला की त्याच्या पोथीवरून उतरवलेल्या सगळ्या पोथ्यांत तो बदल दिसतो. पाठभेद जुळवून कोणती पोथी कोणत्या पोथीवरून उतरली हे अभ्यासक ठरवतात. वायच्या बाबतीत पद्धत तीच आहे. 'एम१७०' हा असाच एक पाठभेद, आणि तो ज्यांच्यात सापडतो त्या सगळ्या पुरुषांच्या कुळाला 'हॅप्लोग्रुप आय' म्हणतात. त्याच्या दोन मोठ्या फांद्या आहेत, आय-१ आणि आय-२. आय-१ची खूण एम२५३, म्हणजे आमच्या जावयांच्या अहवालात आलेली.

म्हणजे गोत्रासारखंच झालं की?

बापाकडून मुलाकडे जातं एवढ्यापुरतं हो. पण दत्तक मुलाला गोत्र मिळतं, आडनाव मिळतं, वाय मिळत नाही. शिवाय गोत्र सांगण्यावर चालतं आणि वाय मोजता येतं. एकाच गोत्राची दोन माणसं वायच्या झाडावर एकमेकांपासून हजारो वर्षं लांब असू शकतात.

हा वंश युरोपातच जन्मला का?

तो वाढला आणि टिकला तो युरोपात, याबद्दल वाद नाही. त्याचं मूळ मात्र बाहेरून आलेलं आहे. 'आय' आणि 'जे' हे सख्खे भाऊ, आणि दोघांच्या बापाला 'आयजे' म्हणतात. सुमारे ४० हजार वर्षांपूर्वी या दोन फांद्या वेगळ्या झाल्या. जे प्रामुख्याने पश्चिम आशियात पसरला, तर आयचे पूर्वज शिकारी टोळ्यांबरोबर युरोपात गेले. 'अस्सल युरोपीय वंश' असे शब्द मी म्हणूनच वापरत नाही. इतक्या मागे गेलं की प्रत्येक युरोपीय वंशाचा माग युरोपाबाहेरच निघतो.

सगळ्यात जुने पुरावे कुठे मिळाले?

इटलीच्या दक्षिणेला पाल्यिच्ची नावाची गुहा आहे. तिथल्या सुमारे ३३ हजार वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या अवशेषांत हॅप्लोग्रुप आय सापडला. पण मला जास्त सांगावंसं वाटतं ते ऑस्ट्रियातल्या क्रेम्स-वाख्टबर्गबद्दल.

डॅन्यूब नदीकाठच्या या टेकडीवर २००५मध्ये दोन तान्ह्या बाळांची एकत्र पुरलेली हाडं सापडली. वय सुमारे ३१ हजार वर्षं. खड्ड्यावर मॅमथच्या खांद्याचं रुंद हाड झाकणासारखं ठेवलेलं होतं, त्यामुळे वरच्या मातीचा भार बाळांवर आला नाही. दोघांच्या अंगावर गेरू होता, तुळशीवृंदावनाला लावतो तसाच लाल. एकाच्या कमरेजवळ मॅमथच्या सुळ्यापासून केलेले ५३ मणी होते. २०२०मध्ये डीएनए तपासला तेव्हा कळलं की ती एकसारखी जुळी भावंडं होती. आजवर माहीत असलेल्या अशा जुळ्यांमध्ये ती सर्वांत जुनी. एक बाळ जन्माच्या सुमारास गेलं आणि दुसरं त्यानंतर जवळपास सात आठवडे जगलं. म्हणजे पहिल्याला पुरलेली जागा त्या लोकांनी लक्षात ठेवली होती, झाकण पुन्हा उघडलं आणि दुसऱ्याला भावाशेजारी ठेवलं. दोघांचा वायवंश आय.

हे वाचल्यापासून 'एम१७०' हा माझ्यासाठी नुसता सांकेतिक क्रमांक राहिलेला नाही.

हिमयुगात हे लोक कसे टिकले?

सगळे टिकले नाहीत. साधारण २५ हजार ते १९ हजार वर्षांपूर्वी थंडीचा कडेलोट झाला आणि उत्तर युरोप बर्फाखाली गेला. मध्य युरोपातल्या त्या वेळच्या शिकारी समाजांचा वारसा नंतरच्या लोकांत जवळजवळ दिसत नाही. नैऋत्य युरोपात काही टोळ्या तगल्या. बर्फ हटल्यावर सुमारे १४ हजार वर्षांपूर्वीपासून आणखी एक लोकसमूह युरोपभर पसरला आणि त्याच्यात आय-२ भरपूर आहे. एकटा आयच मात्र नव्हता. इटलीतल्या व्हिलाब्रुना इथल्या सुमारे १४ हजार वर्षांपूर्वीच्या पुरुषात आर-१बी या वेगळ्याच वंशाची जुनी फांदी मिळाली आणि स्पेनमधल्या ला ब्रान्याच्या शिकाऱ्यात सी हा आणखी एक वंश. 'शेतीपूर्व युरोप म्हणजे आय' हे समीकरण त्यामुळे अर्धवट आहे.

या काळातला माझ्या मनात राहिलेला माणूस स्वित्झर्लंडमधल्या बिशोन गुहेतला. १९५६मध्ये तिथे एका तरुणाची आणि एका अस्वलीणीची हाडं एकमेकांत मिसळलेली सापडली. बऱ्याच वर्षांनी अस्वलाच्या मणक्यात गारगोटीच्या बाणाच्या टोकाचा तुकडा रुतलेला दिसला, तेव्हा प्रसंगाचा उलगडा झाला. जखमी अस्वल गुहेत शिरलं, शिकारी त्याच्या मागे गेला आणि दोघं तिथेच संपली. ही गोष्ट सुमारे १३,७०० वर्षांपूर्वीची. तरुणाचं वय विशीच्या आसपास, वंश आय-२.

चेडर मॅन याच वंशाचा ना?

हो. इंग्लंडमधल्या गफ गुहेत १९०३मध्ये सापडलेला, सुमारे १० हजार वर्षांपूर्वीचा चेडर मॅन आय-२चा. लक्झेंबर्गमधला लोशबूरचा माणूस आणि स्वीडनमधल्या मोतालाचे बहुतेक पुरुषही त्याच फांदीचे, सुमारे ८ हजार वर्षांपूर्वीचे.

शेतकरी आल्यावर हा वंश मागे पडला का?

आधी मागे पडला, मग परत वर आला. ही वर येण्याची गोष्ट फारशी कोणी सांगत नाही.

सुमारे साडेआठ हजार वर्षांपूर्वी अनातोलियातून, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातून, शेतकरी युरोपात यायला लागले. त्यांच्या पुरुषांत जी-२ए हा वंश ठळक होता. आल्प्समध्ये १९९१मध्ये सापडलेला ओट्झी हा बर्फातला माणूस जी-२एचाच. शेतकरी संख्येने जास्त होते, त्यामुळे सुरुवातीच्या गावांत आय क्वचित दिसतो. पण पुढच्या हजार-दोन हजार वर्षांत शिकाऱ्यांचे पितृवंश शेतकऱ्यांच्या समाजातच पुन्हा वाढले. आयर्लंड आणि ब्रिटनमधल्या महापाषाणी थडग्यांत आय-२चंच प्राबल्य आहे. बाकीच्या जनुकांकडे पाहाल तर हे लोक बहुतांशी अनातोलियाच्या शेतकऱ्यांचे वंशज, आणि पितृवंश मात्र शिकाऱ्यांचा.

आयर्लंडमधलं न्यूग्रेंज हे भव्य थडगं सुमारे ५,२०० वर्षांपूर्वीचं. हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवशी उगवत्या सूर्याचा किरण त्याच्या आतल्या दालनापर्यंत पोहोचतो. त्या दालनात पुरलेल्या एका पुरुषाचा डीएनए २०२०मध्ये वाचला गेला. त्याचे आईबाप बहीण-भाऊ होते, किंवा एक दुसऱ्याचं अपत्य. इतक्या जवळचे संबंध उघडपणे चालवून घेतले जातात ते सहसा राजघराण्यांत, आणि म्हणून तो सत्ताधारी घराण्यातला असावा असा संशोधकांचा तर्क. वंश आय-२.

आणि पोलंडमधलं कोशित्से. सुमारे ४,८०० वर्षांपूर्वी तिथे एकाच खड्ड्यात १५ जणांना पुरलं. सगळ्यांना डोक्यावर घाव घालून मारलेलं होतं. पुरणाऱ्याने मात्र त्यांना नीट लावून ठेवलं होतं, आईजवळ तिची मुलं, भावाशेजारी भाऊ. कोण कोणाचं हे त्याला ठाऊक होतं, म्हणजे तो त्यांच्यातलाच वाचलेला कुणीतरी. सगळ्या पुरुषांचा वाय एकच, आय-२च्या एल८०१ फांदीचा. स्त्रियांकडून आलेले वंश मात्र वेगवेगळे. मुलगे घरीच राहायचे आणि सुना बाहेरून यायच्या, असं हे एकत्र कुटुंब होतं. एल८०१ आजही उत्तर युरोपात आहे.

मग आज पश्चिम युरोपात आर-१बी जास्त का?

काळ्या समुद्राच्या उत्तरेला गवताळ मैदानं आहेत, त्यांना स्टेप म्हणतात. सुमारे ५ हजार वर्षांपूर्वी तिथले पशुपालक पश्चिमेकडे सरकले. त्यांच्या वंशजांबरोबर आर-१ए आणि आर-१बी युरोपभर पसरले. ब्रिटनमध्ये तर ४,५०० वर्षांपूर्वीनंतर जवळपास ९० टक्के वारसा बदलला. स्टोनहेंज उभारणाऱ्यांचा आय-२ त्यात जवळजवळ बुडाला. (स्टेपवरच्या काही पुरुषांतही आय-२ची एक वेगळी फांदी होती, तेव्हा 'आय म्हणजे मूळचे आणि आर म्हणजे आक्रमक' अशी वाटणी करू नका.)

एक अपवाद विलक्षण आहे. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटं आहेत. तिथल्या वेस्ट्रे बेटावर लिंक्स ऑफ नॉल्टलंड ही ब्राँझयुगीन वस्ती आहे. तिथल्या लोकांच्या एकूण जनुकांत नव्याने आलेल्यांचा वारसा इतरांइतकाच मोठा. पण पुरुषांचा वाय आय-२चाच, नव्या लोकांच्या आगमनानंतर जवळपास हजार वर्षं. म्हणजे पिढ्यानपिढ्या सुना बाहेरून आल्या, घर आणि जमीन मात्र बापाकडून मुलाकडेच गेली. शेवटी तो वंशही तिथून ओसरला. नुसता वाय पाहून 'इथे तेच जुने लोक राहिले' असं म्हणणारा इथे पुरता फसला असता, आणि नुसती बाकीची जनुकं पाहून 'सगळे बदलले' म्हणणाराही.

आय-१ इतका जुना, मग त्याचं वय ४,६०० वर्षं का लिहितात?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेला आहे. दोन वेगळी वयं आहेत. आय-१ आणि आय-२ एकमेकांपासून वेगळे झाले ते सुमारे २७ हजार वर्षांपूर्वी. पण आज जिवंत असलेल्या आय-१च्या सगळ्या पुरुषांचा सामाईक पूर्वज होऊन गेला तो फक्त ४,६०० वर्षांच्या आसपास.

कोकणातल्या घराण्यांचे कुलवृत्तांत चाळलेत तर पानोपानी 'वंश खुंटला' असं दिसतं. कुणाला फक्त मुली झाल्या, कुणी लहानपणीच गेला. चार भावांतल्या तिघांच्या फांद्या तिथेच थांबतात आणि चौथ्याची पुढची वीस पानं भरतात. आय-१मध्ये हे २० हजारांहून जास्त वर्षं चाललं. तेवढ्या काळात त्याच्या वायमध्ये ३००हून जास्त बदल साठले आणि ते आज सगळ्या आय-१ पुरुषांत सारखेच आहेत, कारण मधल्या बाकीच्या फांद्यांपैकी एकही आजपर्यंत पोहोचली नाही.

मधल्या काळाची एक खूण स्वीडनच्या गोटलंड बेटाजवळच्या स्टोरा कार्ल्सो बेटावर आहे. तिथे सुमारे ९ हजार वर्षांपूर्वीच्या एका माणसात या ३००पैकी काही बदल झालेले दिसतात, सगळे नाहीत. आय-१ घडण्याच्या वाटेवर असलेला एक चुलत वंश. पूर्ण तयार झालेला आय-१ दक्षिण स्वीडनमधल्या सुमारे ४ हजार वर्षांपूर्वीच्या दफनांत दिसू लागतो आणि ब्राँझयुगात तो भराभर वाढतो. एका पुरुषाचे वंशज इतके का वाढले? त्या काळात जमीन, गुरं आणि मान बापाकडून मुलाकडे जायचा, आणि बलिष्ठ घराण्यातल्या पुरुषांची मुलं जास्त जगायची, हे मला सर्वांत पटणारं कारण आहे. त्या गुणसूत्रात काही खास शक्ती होती म्हणून नव्हे.

आय-१ आला म्हणजे मी व्हायकिंगांचा वंशज?

तेवढ्यावरून सांगता येत नाही. स्वीडनमध्ये तिघांतल्या एकाहून जास्त पुरुष आय-१चे आहेत, नॉर्वे आणि डेन्मार्कमध्येही साधारण तेवढेच, आणि फिनलंडच्या पश्चिम भागात काही ठिकाणी त्याहून जास्त. व्हायकिंगांत आय-१ नक्कीच होता. पण आर-१ए आणि आर-१बीही होते. शिवाय आय-१ व्हायकिंगांच्या आधीच बाहेर पडला होता. पाचव्या-सहाव्या शतकात उत्तर जर्मनी आणि डेन्मार्ककडून इंग्लंडला गेलेल्या अँग्लो-सॅक्सनांनी तो नेला. गॉथ आणि इतर जर्मानिक टोळ्यांबरोबर तो दक्षिणेकडे गेला. व्हायकिंगांबरोबर आइसलंडला, नॉर्मनांबरोबर फ्रान्सहून इंग्लंडला. पुढे स्थलांतरितांबरोबर अमेरिकेला. इंग्लंडमधल्या आय-१वाल्याचा पूर्वज यांपैकी कोण हे शोधायचं तर बारीक उपफांदी बघावी लागते. 'तुम्ही व्हायकिंग आहात' असं पहिल्याच पानावर छापणारा अहवाल पुराव्यापेक्षा जास्त बोलतो आहे.

बोस्निया-हर्जेगोव्हिनामध्ये आय सर्वांत जास्त, मग उगम तिथलाच ना?

हे वीस वर्षांपूर्वी बऱ्याच जाणकारांनाही पटलं होतं. २०००मध्ये ओर्नेला सेमिनो आणि सहकाऱ्यांनी एम१७०चा संबंध युरोपातल्या हिमयुगीन शिकाऱ्यांशी जोडला आणि तो धागा पुढे खरा ठरला. मग असं दिसलं की हर्जेगोव्हिनातल्या क्रोएट पुरुषांत तब्बल ७० टक्क्यांच्या आसपास आय-२ आहे. तेव्हा तिथल्या डिनारिक डोंगररांगेत हिमयुगापासून हेच लोक टिकून आहेत, असा अर्थ लावला गेला.

जुना डीएनए मिळायला लागला आणि हा अर्थ मोडला. तिथली विशिष्ट उपफांदी अगदी तरुण आहे. तिचा फुलोरा दोनेक हजार वर्षांतला. बाल्कनमधल्या रोमन काळातल्या सांगाड्यांत ती सापडत नाही आणि सहाव्या-सातव्या शतकात स्लाव्ह लोक आल्यावर ती दिसू लागते. ती उत्तरेकडून त्यांच्याबरोबर आली. वंश जुना, त्या भूमीवरचा त्याचा मुक्काम नवा. नकाशावर जिथे रंग सर्वांत गडद तिथेच उगम असं मानायची सवय हा विषय शिकताना मला सोडावी लागली.

सार्डिनियातला आय-२, म्हणजे एम२६ फांदी, मात्र वेगळी. बेटावरच्या चाळीसेक टक्के पुरुषांत ती आहे आणि ती तिथल्या जुन्या शेतकरी लोकांपासूनची आहे.

आय असला की डोळे निळे, केस सोनेरी असतात का?

नाही. डोळ्यांचा रंग ठरवणारी महत्त्वाची जनुकं १५व्या गुणसूत्रावर आहेत, वायवर नाहीत. 'नॉर्डिक वंशा'च्या नावाखाली विसाव्या शतकात युरोपात लाखो माणसं मारली गेली. त्याच कल्पना आज हॅप्लोग्रुपच्या भाषेत परत मांडल्या जातात तेव्हा मला राग येतो. चेडर मॅन आय-२चा होता, आणि त्याची त्वचा काळी ते गडद सावळी असावी, असं त्याची जनुकं सांगतात.

महाराष्ट्रात हा वंश आहे का?

भारतात आय अगदी अपवादाने मिळतो. आपल्याकडे पुरुषांत एच, आर-१ए, एल, आर-२ आणि जे-२ हे वंश जास्त. पण त्यातला जे-२ लक्षात घ्या. तो आयच्या सख्ख्या भावाच्या घरातला. जे-२ असलेला सोलापूरचा माणूस आणि आय-१ असलेला माल्मोचा माणूस यांचा पितृपूर्वज सुमारे ४० हजार वर्षांपूर्वी एकच होता. आर-१ए किंवा एच असलेल्याचा त्यांच्याशी संबंध त्याहून मागे जाऊन जुळतो.

माझा भाचा घरी आईशी मराठी बोलतो, गणपतीत आरत्या म्हणतो, आणि त्याचा वाय आय-१ आहे. उद्या त्याला मुलगे झाले तर त्यांच्यातही तोच जाईल.

मी स्त्री आहे. मला माझ्या बापाकडचा वंश कळेल का?

तुमच्यात वाय नाही, त्यामुळे वडील, सख्खा भाऊ, काका किंवा काकाचा मुलगा यांपैकी कुणाची तरी चाचणी करावी लागेल.

माझ्या पूर्वजांबद्दल यातून किती कळतं?

दहा पिढ्या मागे गेलात तर वंशवृक्षात १,०२४ जागा असतात. वाय त्यातल्या एकाच जागेबद्दल बोलतं. बाकी १,०२३ जणांबद्दल, म्हणजे तुमच्या सगळ्या आज्या-पणज्यांबद्दल आणि त्यांच्या माहेरच्यांबद्दल ते काहीच सांगत नाही. पण त्या एका धाग्याचा माग ते इतका स्पष्ट देतं की ३१ हजार वर्षांपूर्वीच्या बाळापर्यंत जाता येतं.

जुन्या लेखात आय-१ए, आय-१बी अशी नावं दिसतात. ती कोणती?

झाडावर नव्या फांद्या सापडल्या की नावं सरकतात. आजचा आय-१ पूर्वी आय-१ए होता आणि आय-२च्या फांद्यांची नावं तर अनेकदा बदलली. म्हणून अक्षर-आकड्यांच्या लांब नावावर विसंबू नका, शेवटच्या बदलाचं नाव टिपून ठेवा: एम२५३, एम२६, एल८०१. ते बदलत नाही. चाचणी करणार असाल तर सरसकट वंशवाटप सांगणारी चाचणी आणि खास वायची चाचणी यातला फरक आधी विचारून घ्या. पहिलीत फार तर मोठी फांदी कळते, उपफांदीसाठी दुसरीच लागते. कच्च्या माहितीची फाइल मिळाली की उतरवून घरी जपून ठेवा. झाडावर दर वर्षी नव्या फांद्या जोडल्या जातात आणि तीच फाइल पाच वर्षांनी जास्त सांगते.